एका तासाचा रिपोर्ट

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



याच हॉलमध्ये शेवटचा माईक हातात घेतला तेव्हा मी 'विज्ञान : शाप की वरदान' या विषयावर बोलत होते. तिसऱ्या मिनिटाला सगळं विसरले आणि 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' म्हणून खाली उतरले. म्हणून आज कागद आणलाय. संयोजकांनी फोनवर बजावलं होतं, 'तू नेमकं काय काम करतेस ते सांग, पण आम्हाला कळेल असं सांग.' प्रयत्न करते.

पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, काम सॉफ्टवेअरचं. त्यातही गेली काही वर्षं मी प्रयोगशाळेतल्या तपासणी यंत्रांसाठी आणि हॉस्पिटलच्या रिपोर्टांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. मी डॉक्टर नाही. दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलंही नव्हतं. त्यामुळे आपल्यात जे डॉक्टर झालेत त्यांनी माझ्या चुका जेवताना सांगाव्यात, आत्ता नाही.

सुरुवात बटाट्यापासून करते. नववीत बाईंनी घरून उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या आणल्या होत्या, आठवतंय? एका चकतीवर न धुतलेलं बोट टेकवायचं, एकीवर साबणाने धुतलेलं, एकीवर खोकायचं आणि एक तशीच ठेवायची. वर काचेचे वाडगे पालथे घातले आणि सगळं कपाटात ठेवलं. तीन दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा जो वास आला तो मी विसरलेले नाही. गंमत अशी झाली की आपल्या वर्गातल्या ज्या मुलाने हात स्वच्छ धुऊन बोट टेकवलं होतं, त्याच्या चकतीवरही ठिपके उगवले. सगळा वर्ग खो खो हसला, 'घाणेरडा, घाणेरडा' असं ओरडला. बाई म्हणाल्या, 'हसू नका. तुमच्यापैकी कुणाचंही बोट असतं तरी हेच झालं असतं.' पुढे कधीतरी वाचलं की रॉबर्ट कॉखनेही जंतू वाढवायला आधी बटाट्याच्या चकत्याच वापरल्या होत्या.

माझं आजचं सगळं बोलणं त्या मुलाबद्दलच आहे, म्हटलं तरी चालेल.

आपल्यापैकी साधारण दर तिघांत एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू मुक्कामाला असतो. या हॉलमध्ये आपण दोनशेच्या वर आहोत, म्हणजे साठ-सत्तर जणांकडे तो आत्ता आहे. (नाकाला हात लावू नका, त्याने काही होत नाही. उलट तो हाताला लागतो.) अॅबर्डीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टन नावाच्या शल्यचिकित्सकाने १८८० च्या सुमाराला पुवाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याला हे जंतू घोसासारखे दिसले. ग्रीक भाषेत द्राक्षाचा घोस म्हणजे स्टॅफिली, त्यावरून हे नाव. आपल्या ज्या मैत्रिणी नाशिकला दिल्यात त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. ऑरियस म्हणजे सोनेरी, कारण प्रयोगशाळेत वाढवला की त्याचे ठिपके पिवळसर दिसतात.

नाकात असतो तोवर तो आपला भाडेकरू. जखमेतून, ऑपरेशनच्या टाक्यांतून किंवा सलाईनच्या नळीतून आत शिरला की मात्र पू, हाडाचा संसर्ग, रक्तातला संसर्ग, काहीही करू शकतो. पेनिसिलिन आलं तेव्हा तो आटोक्यात आला, मग पेनिसिलिनला सरावला. म्हणून १९५९-६० मध्ये ब्रिटनमध्ये मेथिसिलिन आणलं, आणि १९६१ मध्ये त्याच देशातून मेथिसिलिनलाही न जुमानणाऱ्या जंतूची नोंद झाली. यालाच एमआरएसए म्हणतात. हॉस्पिटलात कुणी कुणी नुसतं 'मर्सा' म्हणतात.

हे कसं जमतं, ते मला एका सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमनी सांगितलं तसं सांगते. जंतूभोवती भिंत असते आणि ती सतत बांधावी लागते. ती बांधणारा गवंडी म्हणजे एक प्रथिन. पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्या गवंड्याचे हात बांधून टाकतात, भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटतो. एमआरएसएकडे 'मेक-ए' नावाचा एक जास्तीचा जनुक असतो. त्यातून बदली गवंडी तयार होतो, आणि त्याच्या हाताला ही दोरी बसतच नाही. काम चालू राहतं.

आपल्या देशात आयसीएमआरच्या जाळ्यातल्या हॉस्पिटलांकडून जे ऑरियस तपासले जातात, त्यांतले अलीकडच्या वर्षांत चाळीस टक्क्यांच्या आसपास एमआरएसए असतात. नेदरलँड्समध्ये हेच प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आहे.

आता हॉस्पिटलात काम करणाऱ्यांकडे वळते. सिस्टर, डॉक्टर, वॉर्डबॉय, मावशी, ड्रेसिंग करणारे. दिवसभर रुग्णांना हात लावायचा, म्हणजे हा जंतू त्यांच्याही नाकात जाणार. २००८ मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांवरच्या नियतकालिकात एक मोठा आढावा छापून आला. ३७ देशांतल्या १२७ तपासण्या एकत्र करून त्यांनी ३३,३१८ कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला. त्यांतल्या सरासरी ४.६ टक्के लोकांमध्ये एमआरएसए होता, आणि त्यातल्या बहुतेकांना कसलाही त्रास नव्हता. ना ताप, ना फोड. धडधाकट माणसं, वेळेवर ड्युटीवर येणारी.

अशा माणसाकडून काय होऊ शकतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण केंब्रिजच्या रोझी हॉस्पिटलमधलं आहे. तिथल्या नवजात बालकांच्या विशेष कक्षात २०११ मध्ये एमआरएसए पसरला. मग दोन महिने एकही बाळ बाधित नव्हतं. कक्ष कोपऱ्याकोपऱ्यातून धुऊन घेतला. आणि त्यानंतर चारच दिवसांत एका बाळात तो पुन्हा सापडला. आता हा नवा जंतू की जुनाच? केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला, तर जुनाच. मग दोन महिने तो होता कुठे? १५४ कर्मचाऱ्यांच्या नाकातले नमुने घेतले. १५३ जणांत नव्हता. एकात होता, आणि तो जुळला. २०१३ मध्ये छापलेल्या त्या शोधनिबंधात त्या व्यक्तीचं नाव नाही. नाव नसण्याचं महत्त्व तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अजून एक गोष्ट. १९९६ मध्ये एका प्रयोगात असं दिसलं की नाकात ऑरियस असलेल्या एका डॉक्टरला सर्दी झाली की तो एरवीच्या कितीतरी पटींनी जंतू हवेत सोडतो. साधी सर्दी. आपण सर्दीला रजा घेत नाही. घेतली तर साहेब हसतात.

तर असा माणूस शोधायचा कसा? जुनी पद्धत आपल्या बटाट्याचीच, फक्त बटाट्याच्या जागी काचेच्या ताटलीतलं खाद्य. नाकात कापसाची काडी फिरवायची, ताटलीवर ओढायची, उबेत ठेवायची आणि वाट बघायची. खात्रीचं उत्तर यायला दोन दिवस, कधी तीन. अलीकडे जंतूनुसार रंग बदलणारं खाद्य मिळतं, त्यात दुसऱ्या दिवशी कळतं. तोवर ती सिस्टर आणखी दोन ड्युट्या करून मोकळी होते.

घाईची पद्धत म्हणजे पीसीआर. २०२० पासून हा शब्द आपल्याकडे भाजीवाल्यालाही माहीत आहे. जंतूच्या डीएनएचा हवा तो तुकडा दर फेरीला दुप्पट होत जातो. सर, तुम्ही बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट सांगून आम्हाला घातांक शिकवले होते. तेच हे. एकाला तीस वेळा दुप्पट केलं की १०७ कोटी होतात. मग तो तुकडा चमकायला लागतो आणि यंत्राला दिसतो. क्षयरोगासाठी आपल्या सरकारी दवाखान्यांत जे सीबीनॅट यंत्र असतं, किंवा गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट, ते याच घराण्यातलं. नाकातल्या एमआरएसएसाठीही तशीच बंद डबी मिळते. काडी द्रावणात बुडवायची, द्रावण डबीत घालायचं, डबी यंत्रात सरकवायची. तासाभरात उत्तर.

या उत्तरात एक मजेदार घोळ आहे आणि सॉफ्टवेअरवाल्यांना तो लगेच कळतो. नाकात ऑरियस एकटा नसतो. त्याचे गरीब स्वभावाचे चुलतभाऊही असतात, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे तो मेक-ए जनुक असतो. आता तुम्ही यंत्राला दोन वेगवेगळे प्रश्न विचारलेत, 'ऑरियस आहे का?' आणि 'मेक-ए आहे का?', तर दोन्हींचं उत्तर 'हो' येईल आणि तरीही एमआरएसए नसेल. वर्गात पहिला नंबर आलेला एक मुलगा आहे आणि चष्मा लावणारा एक मुलगा आहे. म्हणून पहिला आलेल्याला चष्मा आहे, असं होत नाही. कॅनडातल्या क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये यावर सुरेख तोडगा छापला. मेक-ए जनुक ऑरियसच्या डीएनएमध्ये एका ठरावीक जागी, पूर्ण गाठोड्यासकट घुसलेला असतो. मग ते गाठोडं आणि ऑरियसचा स्वतःचा डीएनए जिथे शिवले गेलेत, तो सांधाच शोधायचा. सांधा सापडला म्हणजे दोन्ही एकाच जंतूत आहेत. मला हे वाचून खुर्चीतून उठावंसं वाटलं होतं. दोन याद्या जोडायच्या ऐवजी जोडाचीच खूण शोधायची! पण जंतू आपल्याहून हुशार. काही ऑरियस असे निघाले की सांधा आहे, गाठोडंही आहे, पण आतला मेक-ए गळून पडलाय. रिकामं पाकीट. यंत्र म्हणतं एमआरएसए, आणि प्रत्यक्षात साधं पेनिसिलिनच्या जातीचं औषध चालतं. म्हणून नव्या तपासण्या सांधा आणि मेक-ए दोन्ही बघतात. तरीही प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण मेक-ए शेजारच्या चुलतभावाचा असू शकतो.

यात माझं काम किती? यंत्रातून येतो तो एक वर चढणारा आलेख. तो किती चढला की 'आहे' म्हणायचं, कधी 'नाही' म्हणायचं, कधी 'पुन्हा नमुना घ्या' म्हणायचं, ते ठरवणारा भाग मी आणि माझे सहकारी लिहितो. मग ते उत्तर कुणाच्या पडद्यावर, कुणाच्या फोनवर, कोणत्या शब्दांत जाणार, तेही आम्हीच लिहितो. पहिल्या कामाला आम्ही दोन वर्षं दिली. दुसऱ्याला दोन आठवडे.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला वेळेच्या नोंदी दिसतात. त्या बघताना मला कळलं की 'तासाभरात उत्तर' हे फक्त यंत्रापुरतं खरं आहे. काडी वॉर्डातल्या ट्रेमध्ये पडून राहते, कुणीतरी खाली जाणार असेल तेव्हा जाते, प्रयोगशाळेत चार नमुने जमेपर्यंत थांबते, आणि रिपोर्ट तयार झाला तरी सही करणाऱ्या डॉक्टर ओपीडीत असतात. आम्ही ते सगळं आवळलं. सही फोनवरून, मेसेज आपोआप. मला त्याचा फार अभिमान होता.

आता जे सांगणार आहे ते कुठल्या हॉस्पिटलात झालं ते सांगणार नाही, विचारूही नका.

काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात ऑपरेशनच्या जखमा चिघळायला लागल्या. एकापाठोपाठ काही रुग्णांत एमआरएसए निघाला. तिथे आमची यंत्रणा नुकतीच बसवली होती. त्यांनी वॉर्डातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नाकाची तपासणी करायचं ठरवलं. एरवी निरोगी कर्मचाऱ्यांची अशी सरसकट तपासणी बहुतेक देशांत करत नाहीत, पण असा उद्रेक चालू असताना ती केली जाते. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. नमुने घेतले रात्रपाळी संपताना, कारण तेव्हा सगळे एका जागी सापडतात. इथेच पहिली चूक झाली. पाळीच्या शेवटी नाकात जो जंतू सापडतो तो पुष्कळदा त्या रात्रीपुरता पाहुणा असतो, घरी जाऊन झोपून उठेपर्यंत निघून गेलेला असतो. नमुना पाळी सुरू होण्याआधी घ्यावा, हे या क्षेत्रातल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नमुन्याची वेळ नोंदवायला जागा होती. ती वेळ बघून 'थांबा' म्हणायला काही नव्हतं.

दुसरी चूक माझी स्वतःची. हॉस्पिटलने मागितलं होतं, 'निकाल सगळ्या विभागप्रमुखांना एकदम कळू दे.' मी दिलं. वॉर्डाची यादी, त्यात पूर्ण नाव, समोर हिरवा किंवा लाल गोल. दिसायला छान होतं. प्रात्यक्षिकात टाळ्या पडल्या होत्या.

सकाळी यादी गेली. तीन नावांपुढे लाल गोल. अर्ध्या तासात कुणीतरी पडद्याचा फोटो काढून वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. त्या तिघांत एक सिस्टर होत्या, एक निवासी डॉक्टर आणि एक सफाईच्या मावशी. डॉक्टर आणि सिस्टरना मुपिरोसिनचं मलम दिलं. नाकात लावायचं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. सोबत जंतुनाशक साबणाने आंघोळ. पाच दिवस घरी, मग पुन्हा तपासणी. इलाज एवढाच असतो, काही भयंकर नाही. मावशी कंत्राटदाराच्या माणूस होत्या. त्यांना कंत्राटदाराने फोन करून सांगितलं, 'येऊ नका.' किती दिवस, ते सांगितलं नाही. मलमाचंही कुणी सांगितलं नाही.

घाईच्या तपासणीत लाल आलेला प्रत्येक नमुना नंतर ताटलीवर वाढवून बघायचा, असा नियम आहे. का, ते सरांच्या विद्यार्थ्यांना लगेच कळेल. समजा शंभर कर्मचारी आहेत आणि त्यांतल्या पाच जणांत खरोखर जंतू आहे. तपासणी इतकी चांगली की निरोगी माणसांपैकी पंचाण्णव टक्के लोकांना ती बरोबर 'नाही' सांगते. तरी उरलेल्या पंचाण्णव जणांत साधारण पाच जणांना ती चुकून 'हो' म्हणणार. म्हणजे दहा लाल गोलांतले पाच खोटे. तपासणी वाईट नाही, तो नुसता हिशेब आहे. मावशींचा नमुना ताटलीवर वाढवला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला : एमआरएसए नाही.

तो रिपोर्ट आमच्या सिस्टिममध्ये 'न वाचलेला' म्हणून पडून होता. हिरव्या गोलासाठी मेसेज जात नसे. मीच तसं लिहिलं होतं, उगाच लोकांना मेसेजचा त्रास नको म्हणून. तीन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी नोंदी चाळताना तो माझ्या नजरेला पडला. मी हॉस्पिटलला फोन केला. त्यांनी कंत्राटदाराकडे बोट दाखवलं. कंत्राटदार म्हणाला, 'त्या बाई गावाला गेल्या.' नंबर बंद होता.

त्या रात्री मी आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीला फोन केला. ती गेली वीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे. नाव सांगत नाही, पण तुम्ही ओळखाल. मी तिला म्हटलं, 'अगं, लोक तपासणीला इतके का घाबरतात? पाच दिवस मलम लावायचं तर आहे.' ती म्हणाली, 'तुला वाटतं आम्ही जंतूला घाबरतो? आम्ही हजेरीला घाबरतो. पाच दिवस घरी बसले तर ते कुणाच्या रजेतून? माझ्या. आणि परत आल्यावर माझ्या डब्याला कुणी हात लावेल का? तुझ्या यंत्राला विचार.' मग थोडं थांबून म्हणाली, 'आम्हाला तो जंतू तुमच्या हॉस्पिटलनेच दिला ना? मग आम्ही गुन्हेगार कशा?'

मी त्यानंतर बरंच वाचलं, त्यात मेरी मॅलन पुन्हा भेटली. 'टायफॉइड मेरी' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आयर्लंडहून न्यूयॉर्कला आलेली स्वयंपाकीण. स्वतः ठणठणीत, पण जिथे कामाला जाई तिथे टायफॉइड होई. जॉर्ज सोपर नावाच्या तपासनिसाने १९०७ मध्ये तिला शोधून काढलं. आपल्या अंगात काही आहे यावर तिचा कधी विश्वासच बसला नाही, आणि बसावा असं तिच्याशी कुणी वागलंही नाही. तिला नॉर्थ ब्रदर बेटावर ठेवलं. १९१० मध्ये सोडलं, ते पुन्हा स्वयंपाक करणार नाही असं लिहून घेऊन. तिने कपडे धुण्याचं काम केलं, पण त्यात स्वयंपाकापेक्षा पैसे कमी मिळत. मग तिने नाव बदललं. १९१५ मध्ये ती सापडली तेव्हा एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात होती. तिथे २५ जणांना टायफॉइड झाला होता, दोघांचा जीव गेला. तिला परत बेटावर नेलं, आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत ती तिथेच राहिली. लोक ही गोष्ट सांगताना तिच्या हट्टीपणावर थांबतात. मी हल्ली कपडे धुण्याच्या मजुरीवर थांबते.

यावर कुणी म्हणेल की मग तपासणीच नको. माझं मत तसं नाही. त्या वॉर्डात ज्यांच्या मांडीतलं हाड चिघळलं, तेही कुणाचे तरी वडील होते, आणि त्यांच्या वेदना मी फाइलींमधून वाचल्या आहेत. तासाभरात कळणं ही मोठी गोष्ट आहे. नेदरलँड्समध्येच काही हॉस्पिटलांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. दाखल होणाऱ्या रुग्णांच्या नाकातला ऑरियस पीसीआरने लगेच शोधून मलम आणि जंतुनाशक आंघोळ सुरू केली. ज्यांना हा इलाज मिळाला त्यांच्यात ऑरियसचे संसर्ग ३.४ टक्के, ज्यांना नुसतं दिसायला तसंच औषध दिलं त्यांच्यात ७.७ टक्के. निम्म्याहून कमी. तिथे एमआरएसए निघालेल्या कर्मचाऱ्याला बरं होईपर्यंत कामावरून दूर ठेवतात. हे चालतं, कारण तिथे घरी बसणाऱ्याचा पगार बुडत नाही. आपण यंत्र आणलं, पगाराचं राहिलं.

आम्ही सॉफ्टवेअर बदललं. सगळं नाही, पण बरंच. आता कर्मचाऱ्यांच्या तपासणीत यादीवर नाव येत नाही, क्रमांक येतो, आणि नाव फक्त संसर्ग नियंत्रण सिस्टर आणि त्या डॉक्टरांना उघडता येतं. निकाल आधी त्या माणसाला जातो, मराठीत किंवा हिंदीत, आणि त्यात पहिलं वाक्य 'तुम्ही आजारी नाही' असं आहे. ताटलीचं उत्तर येईपर्यंत लाल गोल लागत नाही, 'दुसरी तपासणी चालू आहे' एवढंच दिसतं. आणि ते दुसरं उत्तर 'नाही' असेल तर त्याचा मेसेज सगळ्यात आधी जातो. नमुना पाळीनंतरचा असेल तर सिस्टिम अडते.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने घातली. तपासणी मोहीम सुरू करण्याआधी पडद्यावर एक प्रश्न येतो : 'घरी बसवलेल्या कर्मचाऱ्याचा, कंत्राटी धरून, पगार कोण देणार?' तिथे नाव लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या विक्री विभागाला हे अजिबात आवडलेलं नाही. एका हॉस्पिटलने त्या रकान्यात नुसती रेघ मारली होती, आम्ही परत पाठवली. दुसऱ्या एकाने कंत्राटदाराशी भांडून पाच दिवसांची पगारी रजा मंजूर करून घेतली, आणि तिथल्या मेट्रननी मला सांगितलं की यावेळी मावशी स्वतःहून रांगेत उभ्या राहिल्या. एकच हॉस्पिटल आहे, त्यावरून फार मोठं काही म्हणत नाही.

त्या पहिल्या मावशी अजून सापडलेल्या नाहीत. मला त्यांचा कर्मचारी क्रमांक पाठ आहे.

माझी नर्स मैत्रीण आज आलेली नाही. तिची ड्युटी बदलून मिळाली नाही. हे भाषण मी तिला परवा फोनवर वाचून दाखवलं. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. बाई, तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय आणि विचारलंय की त्या बटाट्यांचं पुढे काय केलंत.

आणि तो बटाटेवाला मुलगा कोण, ते मी सांगितलेलं नाही. मागच्या रांगेतून जे त्याचं नाव घेऊन ओरडताहेत त्यांनीही घेऊ नये. संयोजक मघापासून घड्याळ दाखवताहेत, जेवण गार होतंय. हात धुवायचे नळ हॉलच्या मागे आहेत, जिथे पूर्वी सायकल स्टँड होता तिथे.